ताऱ्यातला आकडा

"चोर कोण ते ठरलंय. तू फक्त तिच्याकडून कबूल करून घे," फेर्मिन म्हणाला.

कासिल्दा लुके चर्चच्या दारावरची सूचना वाचत उभी राहिली होती. पालखीची चांदी घासायला उद्या शनिवारपासून सुरुवात, मंडळातल्या भगिनींनी जुने कपडे घालून यावं, एवढंच त्यात होतं. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह जवळ आला की स्पेनमधल्या कोर्दोबातल्या चर्चांच्या दारांवर हे दर वर्षी लागतं. त्यात वाचण्यासारखं काय होतं देव जाणे.

"अगं, ऐकतेयस ना?"

"तू बोललास की सगळी गल्ली ऐकते, मी कशी नाही ऐकणार?"

कासिल्दा ही त्याच्या बायकोची धाकटी बहीण. खासगी तपासाच्या धंद्यात तिचं नाव होतं. फेर्मिन बत्तीस वर्षं शहर पोलिसात होता आणि त्यातली निदान तीस त्याने चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना दंड करण्यात काढली. कासिल्दा हे कधी बोलून दाखवत नसे. बाकीचे सगळे दाखवत.

प्रकरण त्याच्या डॉमिनोच्या जोडीदाराचं होतं. आउरेलियो मोन्तोरो, रेल्वेतून निवृत्त झालेला तिकीट कारकून. चाळीस वर्षांत त्याने त्रेचाळीस दुरो जमवले होते. दुरो म्हणजे राजाच्या काळातलं पाच पेसेतांचं चांदीचं मोठं नाणं. त्यावर सालाच्या दोन बाजूंना दोन बारीक तारे असतात आणि ताऱ्यांच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढे आकडे. नाणं खरं कुठल्या साली पाडलं ते त्या आकड्यांत. आकडा दुर्मिळ आणि स्वच्छ वाचता आला, तर दुरोला मोल. नाहीतर चांदीच्या भावाने वितळवायला घाला.

आउरेलियोच्या त्रेचाळिसांत असा फार मोलाचा एकच होता, बाकीच्यांनाही बरा भाव आला असता. तो माद्रिदच्या लिलावाला पाठवावा आणि बाकीचे रविवारच्या नाणेबाजारात एकेक करून विकावेत, असं त्याचं म्हणणं. त्याची थोरली बहीण कोन्सुएलो म्हणायची, सगळे एकदम व्यापाऱ्याला देऊन टाक आणि मोकळा हो. महिनाभर भावंडांची हीच तणतण. शेवटी सोमवारी रुस नावाचा व्यापारी येऊन सगळे दुरो बघून गेला. बुधवारी मोलाचा दुरो लिलावासाठी न्यायला परत आला, तो हातात घेतला आणि म्हणाला, "परवा दाखवलात तो हा नव्हे." नाणं चकचकीत होतं आणि ताऱ्यांत आकड्याचा मागमूस नव्हता.

घरात बाहेरची म्हणजे एकटी इलियाना. रुमानियाहून आलेली, दोन वर्षं या म्हाताऱ्यांकडे कामाला. बुधवारी संध्याकाळी फेर्मिनने तिची पिशवी सगळ्यांसमोर जेवणाच्या टेबलावर ओतली. डबा पडला, किल्ल्या पडल्या, आईचं पत्र पडलं आणि बाईच्या पिशवीतून परक्या पुरुषाने बाहेर काढू नये अशी एक वस्तू पडली. ती तिने न बोलता उचलून परत ठेवली. नाणं मिळालं नाही. तेव्हापासून ती घरी निघताना फेर्मिन दारात उभा राहून पिशवी तपासत होता. येत्या सोमवारी तिला कामावर पाठवणारी संस्था निर्णय देणार होती. काढलं, तर या शहरात तिला दुसरं घर कोण उघडून देणार?

"आणि पिशवीत काही नव्हतं," कासिल्दा म्हणाली.

"विकलं असेल."

"ओतायच्या आधी की नंतर?"

फेर्मिनने आउरेलियोच्या दाराची घंटा वाजवली.

दार कोन्सुएलोने उघडलं. एकोणऐंशी वर्षांची, ताठ कण्याची, गळ्यात चर्चच्या मंडळाचं पदक. तिने मधात घोळवलेले तळीव पेस्तिन्यो पुढे केले. ताटलीच्या कडेवर तिची बोटं दिसली, पेरं काळी, नखांत काळं. आईची बोटंही अशीच असायची, फेर्मिनला आठवलं. चांदी घासणाऱ्या बायकांचे हात पवित्र सप्ताहापर्यंत उजळत नाहीत.

"किती वर्षं घासताय चांदी?" कासिल्दाने विचारलं.

"एक्केचाळीस. माझ्याइतकी चमक मंडळात कुणाला येत नाही," कोन्सुएलो म्हणाली. मग तिने हात अॅप्रनखाली घेतले.

"सोमवारी रुस काय म्हणाले?"

"दुरो चांगला आहे, पण फार काळवंडलाय म्हणाले. मी हेच पेस्तिन्यो वाढत होते तेव्हा." ती जवळ सरकली. "नाव घ्यावंसं वाटत नाही, पण ती पोरगी भिंग घेऊन त्याच्या नाण्यांशी चाळे करते. मी स्वतः बघितलंय. दोनदा."

फेर्मिनने कासिल्दाकडे विजयाने बघितलं. कासिल्दा पेस्तिन्यो खात होती.

आउरेलियो खिडकीपाशी बसला होता. समोर मखमलीचा ट्रे, त्यात काळसर दुरोंच्या रांगा आणि बाजूला वेगळ्या डबीत तो चकचकीत. कासिल्दाने ट्रेच्या दुसऱ्या रांगेतला एक काळपट दुरो उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"हाच ना, बदलून ठेवलेला?"

आउरेलियोने तो बोटांत फिरवला, डोळ्यांजवळ नेला. "हाच. बघताक्षणी कळलं मला. चकाकी बघा ना कशी हलकट आहे."

फेर्मिनला वाटलं, कासिल्दाने उचलताना गल्लत केली. चारचौघांत कशाला बोला, म्हणून तो गप्प राहिला.

"आता विकायचं का काढलंत?"

"नातवंडांना काय त्याचं. माझ्यामागे भंगारात जातील," आउरेलियो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर समोरच्या घराची कोरी भिंत होती.

इलियाना स्वयंपाकघरात पालक निवडत होती.

"नाणी हाताळायचीस?" कासिल्दाने विचारलं.

"हो."

"का?"

"साहेबांना विचारा."

"तूच सांग ना, बाई. तुझ्याच भल्याचं आहे," फेर्मिन मध्येच म्हणाला.

"साहेबांना विचारा," ती तेच म्हणाली. मग कासिल्दाकडे वळली. "सोमवारपर्यंत वाट बघीन. कुणीतरी बोलेल."

"कोण?"

तिने पालकाची जुडी पाण्यात बुडवली.

रुसचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. सोमवारी त्याने लिलावासाठी म्हणून मोबाइलवर दुरोचा फोटो काढला होता. तो त्याने तत्परतेने कासिल्दाला पाठवला. "बघा, ताऱ्यात आकडा किती स्वच्छ आहे. मी त्यांना म्हटलं, उरलेले बेचाळीस मी आत्ताच उचलतो, अजून काही गायब व्हायच्या आत. म्हाताऱ्याची दया येते हो."

"फार दयाळू आहात. सहा वाजता तिकडे या," कासिल्दा म्हणाली.

सहा वाजता जेवणघरात सगळे जमले. आउरेलियो आणि कोन्सुएलो शेजारी शेजारी, रुस दाराजवळ. इलियाना उंबऱ्याशी उभी होती, बस म्हटलं तरी बसली नाही.

"नाणं बदललेलंच नाही," कासिल्दा म्हणाली.

"वा!" रुस हसला.

"फोटोत नाण्यावरच्या राजाच्या कानाखाली खड्डा आहे, जोंधळ्याच्या आकाराचा. डबीतल्या दुरोलाही तिथेच, तसाच. बदलणारा चोर खड्ड्यासकट जुळा दुरो कुठून आणणार? हा तोच आहे. कुणीतरी घासलाय. चांदी उजळायच्या औषधात भिजवलेल्या कापसाने, जीव लावून. वरचा काळा थर गेला आणि त्याच्याबरोबर आकडा गेला. खड्डा खोल होता, तो राहिला."

सोमवारचं "काळवंडलाय" फेर्मिनला आठवलं, आणि ताटलीच्या कडेवरची बोटं.

"पण मंडळाची चांदी..." तो पुटपुटला.

"मंडळाची चांदी उद्यापासून. सूचना दारावर आहे, तू माझ्यावर वैतागलास तेव्हा मी तीच वाचत होते. आज शुक्रवार. मग कोन्सुएलोबाई, तुमची बोटं आजच कशी काळी?"

कोन्सुएलोने हात लपवले नाहीत. टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"पाहुण्याला दाखवायचा होता," ती म्हणाली. "घरात पाहुणा येतो तेव्हा भांडी घासून ठेवतो ना आपण? काळवंडलाय म्हणाले. मला वाटलं, चार पैसे जास्त येतील ह्याला. मंगळवारी दुपारभर घासला." तिचा आवाज बारीक झाला. "मग रुस म्हणाले, हा तो नव्हेच. मला खरंच वाटलं, कुणीतरी बदलला असेल. रात्रीपर्यंत वाटत होतं. मग कळलं. पण तोवर पिशवी ओतून झाली होती. एक्केचाळीस वर्षं माझी चमक, माझी चमक म्हणून मिरवले मी. कुठल्या तोंडाने सांगू, की भावाची आयुष्यभराची कमाई मी घासून टाकली?"

"आणि भिंगाचं सांगितलंत."

"सांगितलं," कोन्सुएलो म्हणाली. "देव मला बघून घेईल."

"देवाला आधी रुससाहेबांना बघू दे," कासिल्दा रुसकडे वळली. " तीस वर्षं दुरो हाताळताय तुम्ही. घासलेलं नाणं आणि वेगळं नाणं ह्यांतला फरक तुम्हाला हातात घेताच कळला असणार."

रुसचे कान लाल झाले. "मी चोरी झाली असं म्हटलंच नाही."

"नाही म्हटलंत. 'तो हा नव्हे' म्हटलंत आणि लगेच बेचाळीस दुरो मागितलेत. घाबरलेला माणूस बाजार-लिलाव बघत बसत नाही. म्हातारा घाबरून सगळे स्वस्तात पदरात टाकील, मग एका पोरीचं काम गेलं तर गेलं. निघा आता."

रुस टोपी घेऊन गेला. टोपी डोक्यावर घालायचं त्याला सुचलं नाही.

"मला एवढंच कळत नाही," फेर्मिन म्हणाला, "आउरेलियोने तेव्हाच का नाही ओळखला? चाळीस वर्षं..." आणि दुपारचा काळपट दुरो त्याच्या डोळ्यांसमोर आला. चकाकी बघा ना कशी हलकट आहे.

"दिसत नाही मला," आउरेलियो म्हणाला. "दोन वर्षं झाली. उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, बस. कोन्सुएलोला कळू दिलं नाही. ती म्हातारी, तिच्या गळ्यात आणखी मी आंधळा कुठे? इलियाना मला ताऱ्यांतले आकडे वाचून दाखवायची. मीच शपथ घातली होती तिला. पोरीवर आळ आला आणि मी तोंड शिवून बसलो. बघताक्षणी कळलं म्हणालो!" त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "थू माझ्या जिण्यावर."

कोन्सुएलो भावाकडे बघत राहिली. दोन वर्षं ती त्याला पेपर आणून देत होती, आणि तो रोज उलगडून बसत होता.

"तुला माहीत होतं," कासिल्दा इलियानाला म्हणाली.

"त्या औषधाच्या कापसाचा वास ओट्यापाशी दोन दिवस होता," इलियाना म्हणाली. "आकडे वाचायचे मी, खड्डाही मलाच माहीत होता. बाई सांगतील असं वाटलं. नाही तर साहेब. त्यांची लाज त्यांनी सांगायची होती, मी कशी सांगणार?"

आउरेलियो धडपडत फोनपाशी गेला. आकडे बोटांनी चाचपत त्याने संस्थेला फोन लावला आणि सगळं सांगितलं. दिसत नाही हेसुद्धा. मग भिंतीला धरून वळला.

"सगळे रविवारच्या बाजारात नेतो. एकेक करून, मी म्हणत होतो तसं. घासलेलाही नेतो, घासलेला म्हणून सांगून. इलियाना, तू येशील का गं आकडे वाचायला? त्याचे वेगळे पैसे देईन."

"रविवारी माझी सुट्टी असते, साहेब," ती म्हणाली.

तिने खुंटीवरचा कोट घातला, पिशवी उचलली आणि दोन दिवसांच्या सवयीने फेर्मिनसमोर उघडी धरली.

"नको, नको गं बाई. माफ कर मला. मी गाढव आहे," फेर्मिन म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"बघा. परवा सगळ्यांसमोर बघितलीत. आजही सगळ्यांसमोर बघा आणि काय आहे ते सांगा."

फेर्मिन वाकला. डबा होता, किल्ल्या होत्या, आईचं पत्र होतं.

"काही नाही," तो म्हणाला.

"मोठ्याने."

ज्याचं बोलणं सगळी गल्ली ऐकते, त्या फेर्मिनला दोनदा खाकरावं लागलं, तेव्हा कुठे त्याच्या घशातून आवाज फुटला.