काळ्या पडद्यामागची खोली

वहिनी, तो दिवा जरा अलीकडे घ्या, मग सांगते. हसायचं नाही मात्र!

सुट्टीत आमच्या ह्यांना समुद्रावर लोळायचं होतं. मीच हट्टाला पेटले, मुलांना आजच्या चित्रकारांचं प्रदर्शन दाखवायचंच! आणि काय धमाल आली म्हणून सांगू! छताला उलट्या टांगलेल्या खुर्च्या काय, श्वास घेतल्यासारखा वरखाली होणारा खोलीभर फुगा काय... थोरला नुसता उड्या मारत होता. चिंगी चार वर्षांची, पण भारी शहाणी. कशाला धक्का लागू नये म्हणून मी दोघांना बजावलं होतं, आत शिरलं की हात मागे बांधायचे. ही बया मुख्याध्यापिकेसारखी हात मागे घेऊन फिरत होती.

शेवटी एक अंधारी खोली होती, दाराला जाड काळा पडदा. पडद्यापाशी बसलेली मुलगी म्हणाली, "आत बाकावर नुसतं बसून राहा. डोळे सरावले की रंग दिसेल." थोरला बाबांबरोबर बाहेर थांबला. मी आणि चिंगी आत शिरलो.

बाई गं, काय तो अंधार! डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेच कळेना. ताज्या रंगाचा वास, आणि कुठूनतरी बारीक घरघर... "चिंगे, हात दे," मी कुजबुजले. इवलासा हात माझ्या हातात आला. चाचपडत बाकावर टेकलो. किती वेळ गेला कोण जाणे... आणि समोर हळूहळू निळा उजेड उमलला! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "दिसला का गं?" त्या हातानं माझा हात घट्ट दाबला. इतका आनंद झाला मला!

धरलेला हात न सोडता मी बाहेर आले. उजेडात पाहते तर मूठ रिकामी.

"चिंगी कुठाय?" ह्यांनी विचारलं.

तशीच परत आत धावले. "चिंगे! अगं चिंगे..."

"आई, मी इथेच आहे..." पडद्याला लागूनच, भिंतीला टेकून उभी होती पोर.

"माझा हात का सोडलास?"

"मी दिलाच नव्हता. तू म्हणालीस ना, हात मागे..." तिचा आवाज बारीक झाला. "ती म्हणाली, मी देते."

तिला उचललं आणि धूम ठोकली. बाहेर येऊन रडले काय, हसले काय, तिचे पटापट मुके घेतले. पोर हाताला लागली, आणखी काय हवं होतं मला! हे म्हणाले, "अंधारात भास होतात गं." मीही मान डोलावली.

गाडीत थोरला एका दाराला चिकटून बसला, चिंगी दुसऱ्या दाराला. एरवी वीतभर जागेसाठी मारामारी! मी मागे वळून म्हटलं, "अरे, मधे एवढी जागा आहे, ऐसपैस बसा की..."

दोघंही आपापल्या दाराला आणखीच चिकटले.

मधल्या जागेचा पट्टा लावलेला होता. सैल पडला नव्हता, वहिनी... इवल्याशा पोटावरून जावा, तसा पुढे येऊन ताणलेला होता.