मुठीची खूण

त्या शनिवारी आम्ही खाणीवर गेलो ते फक्त डायव्हिंगचे नवे जाड सूट अंगाला नीट बसतात का, हे बघायला. सप्टेंबर संपत आला होता. ऊन पडलं होतं. गाडीत थर्मासभर चहा होता, डब्यात थालीपीठं होती. परतताना बाजारातून बटाटे आणि कांदे घ्यायचे ठरले होते. इतका साधा दिवस होता तो.

पाण्याचं वेड मला गोझोत लागलं. माल्टाच्या शेजारचं हे चिमुकलं बेट. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी निहार आणि मी आठवडाभर तिथे गेलो होतो. पोहणं मला येत होतं, पण पुण्यात तलावाच्या कडेकडेने शिकलेलं. तिथल्या डायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या तोंडात टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर दिला आणि हात धरून खाली नेलं. पहिले दोन श्वास घाबरत घेतले. तिसऱ्या श्वासाला वर बघितलं तर सूर्य पाण्याच्या छतावर हलत होता, आणि माझ्या श्वासाचे बुडबुडे त्याच्याकडे चालले होते. किनाऱ्यावर आल्यावर मी रडले. निहार घाबरला, काही लागलं का म्हणून. मी म्हटलं, "उद्या परत." उरलेले सहाही दिवस मी पाण्यात होते. निहारला मुळात पाण्याची आवड नाही, तो माझ्यासाठी शिकला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्याच्यावर संशय घेतला तो यावरूनच.

आम्ही जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहतो. मी इथे विद्यापीठात पीएचडी करते, तो वोल्फ्सबुर्गला नोकरीला जातो. समुद्र लांब. पण शहरापासून अर्ध्या तासावर चुनखडीची एक जुनी खाण आहे, पाण्याने भरलेली, आणि तिथे डायव्हिंगचा एक छोटा क्लब आहे. झाडांनी वेढलेलं हिरवं पाणी, काठावर लाकडी खोपट, आणि खोपटात फ्राउ ब्रिंकमान. सत्तरी ओलांडलेली बाई. कोण किती वाजता पाण्यात उतरलं आणि किती वाजता वर आलं, हे ती वहीत लिहून ठेवते. तिला पाण्यात उतरलेलं कुणी पाहिलेलं नाही.

आम्ही अकराला उतरलो. खाणीत जुना लोखंडी जिना आहे, तो तसाच पाण्यात खाली जातो. त्याला धरून आम्ही अकरा मीटरवर पोचलो. गोझोत तीस मीटर लांबचं दिसायचं, इथे जेमतेम दोन. टॉर्चच्या उजेडात गाळ धुरासारखा तरंगत होता. खाली कामगारांची एक दगडी खोली आहे, छप्पर नसलेली. तिच्यापाशी माझा पाय तळाला लागला आणि सगळं ढवळून निघालं. क्षणभर निहार दिसेना. मग माझ्या डावीकडे काळा सूट दिसला, पायातले फिन्स हलताना दिसले. मला हायसं वाटलं.

त्यानंतर आम्ही खोलीभोवती बराच वेळ फिरलो. तो जवळजवळ चिकटून पोहत होता. मध्येच त्याने माझं मनगट धरलं. मला वाटलं, काहीतरी दाखवायचंय. त्याने मूठ वळून डोक्याशेजारी नेली आणि पुढेमागे हलवली. ही खूण मला माहीत नव्हती. टोपी घट्ट होतेय म्हणत असेल, असं वाटलं. मी अंगठा आणि बोट जुळवून ओके दाखवलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तसंच केलं. मी पुन्हा ओके दाखवलं. असं चार-पाच वेळा झालं.

मग हवेच्या काट्याकडे लक्ष गेलं. नेहमी एवढ्या वेळात हवा शंभर बारच्या वर उरते. काटा तीसवर होता. मी वर जायची खूण केली, जिना धरला, आणि तो मागून येतोय अशा समजुतीने वर आले.

निहार काठावर उभा होता. सूट कमरेपर्यंत उतरवलेला, केस वाळलेले. फ्राउ ब्रिंकमान बुटांसकट गुडघाभर पाण्यात उभी होती.

"कुठे होतीस तू?" निहार ओरडलाच. "वेड लागलंय का तुला?"

"मी कुठे होते म्हणजे? तू… तू वर कधी आलास?"

"वीस मिनिटं झाली! कान दुखत होता. वर जाऊ या म्हणून खूण केली, तू ओके दिलंस!"

"निहार, आत्तापर्यंत तू माझ्याबरोबर होतास."

त्याने मनगटावरचा, पाण्याखालचा वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर माझ्यापुढे धरला. नऊ मिनिटं. माझ्यावर एकतीस.

आम्ही तसेच घरी आलो. बटाटे राहिलेच.

तो आठवडा वाईट गेला. निहारला वाटत होतं, मी हट्टाने खाली राहिले आणि आता अंगाशी आल्यावर काहीतरी रचून सांगतेय. आणि मला काय वाटत होतं? कॉम्प्युटरवरचा आकडा मला दिसत होता, तरी मन मानत नव्हतं. त्याला माझा हा नाद बंद करायचाय, मला एकदा चांगलं घाबरवायचंय. वर आला, आणि पुन्हा खाली आला असेल… क्लबमधल्या कुणाला तरी सांगून ठेवलं असेल… तो आंघोळीला गेल्यावर मी त्याचा डाइव्ह कॉम्प्युटर उघडून पाहिला. नऊ मिनिटं, एकच डाइव्ह. त्याच्या फोनमधले क्लबचे मेसेज वाचले. त्यात काहीच नव्हतं. स्वतःची लाज वाटली, पण संशय काही जाईना.

बुधवारी लॅबमध्ये हातमोजे चढवताना हात थांबला. शनिवारी आम्ही दोघांनी जाड हातमोजे घातले होते. माझं मनगट धरणारा हात उघडा होता. बोटं पांढरी होती. नखंसुद्धा आठवली मला.

मी तशीच निघाले आणि खाणीवर गेले. दुपारचे तीन वाजले होते. फ्राउ ब्रिंकमान खोपटात एकटीच होती. आत ओल्या रबराचा आणि जुन्या कॉफीचा वास होता.

"मला एक खूण विचारायची आहे," मी म्हटलं, आणि मूठ डोक्याशेजारी नेऊन हलवली.

तिने हातातला कप खाली ठेवला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पाण्याखाली पाहिलं. शनिवारी."

ती उठून खिडकीशी गेली. मग सावकाश म्हणाली, "तर… ही खूण आता कुणी शिकवत नाही. पूर्वी हवेचा काटा नसायचा. टाकीला खाली एक तार असायची. हवा संपत आली की ती ओढायची, मग राखीव हवा सुटायची. तार अडकली तर जोडीदाराला अशी मूठ दाखवायची. म्हणजे, माझी राखीव हवा सुटत नाही. तू तार ओढ."

मी विचारलं, "इथे कुणी… कुणी गेलं होतं का?"

"हो. योआखिम. माझा मोठा भाऊ. हसला की पुढच्या दोन दातांतली फट दिसायची. मी वीस वर्षांची होते." ती खिडकीतून पाण्याकडे बघत होती. "माझी तिसरीच डाइव्ह होती. त्या खोलीपाशी त्याने मला मूठ दाखवली. मला ती आठवेना. वाटलं, सगळं ठीक आहे म्हणतोय. मी ओके दाखवलं. त्याने पुन्हा मूठ दाखवली. मी पुन्हा…"



दाराशी मला सोडायला आली तेव्हा तिने माझा दंड धरला. "पुन्हा उतरू नका. ऐका माझं."

त्या संध्याकाळी मी निहारला सगळं सांगितलं. फोन चोरून पाहिल्याचंही. तो रागावेल असं वाटलं होतं. तो रागावला नाही. मग म्हणाला, "आणि तू परत जाणार आहेस."

"हो."

"तो म्हातारा नाही, तरुण नाही, जिवंतसुद्धा नाही, आणि तू त्याच्याकडे जाणार."

"त्याने चार-पाच वेळा हवा मागितली रे… मी प्रत्येक वेळी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं."

निहार उठला आणि कपाटातून दोरी काढली. "मी येतो. पण ही बांधून."

शनिवारी आम्ही मनगटाला मनगट बांधून उतरलो. फ्राउ ब्रिंकमानने आम्हाला अडवलं नाही. वहीत वेळ लिहिली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

खोलीपाशी आम्ही थांबलो. निहारचा टॉर्च माझ्या उजवीकडे. दोरी ताणलेली. पाच मिनिटं गेली, सहा गेली. माझ्याच श्वासाचा आवाज. मग तळाचा गाळ कुणी हलवल्याशिवाय वर उठायला लागला… आणि डावीकडून ती मूठ आली. डोक्याशेजारी. पुढेमागे.

चेहरा मला दिसला नाही. काचेमागे नुसता अंधार होता.

प्रत्येक डायव्हरकडे एक जादा रेग्युलेटर असतो, पिवळ्या नळीचा, दुसऱ्याला द्यायला. मी तो काढला आणि हात लांब केला. गाळात माझा हात दिसेनासा झाला. पलीकडून रेग्युलेटर कुणीतरी घेतला. अलगद, घाई न करता. नळी ताठ झाली. माझा काटा खाली येऊ लागला. एकशे पन्नास. एकशे वीस. शंभर. गाळात चाचपडून मी तो पांढरा हात धरला होता. तो हळूहळू कोमट होत गेला, असं मला वाटलं. वाटलं, एवढंच म्हणते.

निहारने दोरीला हिसका दिला. एक, दोन, तीन. हात सुटला. नळी सैल पडली.

वर आल्यावर निहार म्हणाला, त्याला कुणी दिसलं नाही. मी गाळात हात घालून निश्चल राहिले होते, एवढंच त्याने पाहिलं.

फ्राउ ब्रिंकमान काठावर आली होती. तिने फक्त एकच विचारलं. "घेतली त्याने हवा?"

"हो."

ती तिथेच दगडावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. निहार तिच्याशेजारी बसला. ती कितीतरी वेळ "डांके, डांके" म्हणत आभार मानत होती. मला हलकं वाटत होतं. हातून काहीतरी नीट झालं, असं वाटत होतं.

संध्याकाळी मी बाथटबमध्ये स्वच्छ पाणी भरून सामान धुवायला घेतलं. पिवळ्या नळीचा रेग्युलेटर आधी पाहिला. त्याचा दातात धरायचा रबरी भाग कोरा होता. त्यावर दाताची साधी खूणसुद्धा नव्हती, जणू तो कुणी तोंडात घेतलाच नव्हता.

मग मी माझा, काळा, हातात घेतला. निहार दाराशी टॉवेल घेऊन उभा होता. तो जवळ आला.

"हे… तुझे दात आहेत?"

रबर दोन्ही बाजूंनी आरपार चावलेलं होतं. ठसे माझ्यापेक्षा रुंद जबड्याचे होते, आणि समोरच्या दोन दातांमध्ये चांगली बोटभर फट होती.

गोझोची मे महिन्याची तिकिटं आम्ही काढली आहेत. पाण्यात जाणं मी सोडणार नाही, मला सोडता येणारही नाही. पण त्या रात्रीपासून निहार मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो, आणि मी दर वेळी तेच सांगते. तो काळा रेग्युलेटर पाण्याखाली असताना मी एकदाही तोंडातून काढला नव्हता.