वीस हातांची गुराब

उजाडता उजाडता शंखदुर्गाच्या दर्यादरवाजावर चौघडा झडला, खाडीवरचे धुके वर सरले आणि किल्ल्याखालच्या गोदीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गुराबा कोवळ्या उन्हात दिसू लागल्या. दोन्ही लढाऊ बांधणीच्या, दोन्ही दोन डोलकाठ्यांच्या, आणि दोन्ही नुसते नमुने. खरी गुराब व्हायची होती ऐंशी हातांची. या होत्या वीस वीस हातांच्या, पाव अंगाच्या.

शंखदुर्गाच्या आरमाराचा शिरस्ताच तसा होता. थोर जहाजाला हात घालण्यापूर्वी मिस्त्रीने त्याचा पाव अंगाचा नमुना बांधावा, एकट्याने त्यात बसावे आणि भर समुद्रातल्या कासवखडकाला वळसा घालून परत यावे. नमुना तरला तर किल्ल्याचे सागवान त्याच्या हवाली होई. बुडाला तर त्या मिस्त्रीने पुन्हा जहाजाच्या बांधणीचे नाव काढायचे नाही.

यातला एक नमुना रवळोजी मिस्त्रीचा. तीस वर्षांत अकरा गुराबा पाण्यात सोडलेला हा माणूस गोदीत आला की करवती थांबत. दुसरा नमुना गेल्याच साली दाभोळाहून आलेल्या सोनजी मिस्त्रीचा, आणि सारे दुखणे तिथेच होते. महिनाभर किल्ल्यातली माणसे सोनजीच्या नमुन्याभोवती जमत होती. रवळोजीच्या नमुन्याकडे जाता जाता एक नजर टाकत, तीही भिडेखातर. खुद्द त्याच्या बायकोने, चंद्राईने, सोनजीच्या गुराबेच्या नाळेला, पुढच्या टोकाला, कुंकू लावले आणि घरी येऊन सांगितलेही, "काय देखणी हो! आत्ता पाण्यात जाईल असं वाटतं." त्या दिवशी रवळोजी जेवला नाही.

आदल्या दुपारी, गडी जेवायला गेलेले पाहून, तो स्वतःच त्या नमुन्यापाशी गेला. दोष शोधायला गेला होता; हात फिरवत फिरवत पार मागे सुकाणूपर्यंत आला, तरी दोष सापडेना. असली वळणे आपल्या हातून तीस वर्षांत उतरली नाहीत, हे त्याला कळले, आणि कळले म्हणूनच त्याचे पित्त खवळले. पटाशीने त्याने मागच्या फळ्यांच्या सांधीतला तेलात भिजवलेला कापूस उपसला, तिथे ओली माती लिंपली आणि वरून डांबर फासले. पाण्यात माती किती टिकणार! सोनजी पोहून परत येईल, पण लोकांच्या मनातून कायमचा उतरून जाईल, एवढाच त्याचा हिशेब होता.

आज परीक्षेच्या सकाळी सुभेदार भिवजीराव सुर्वे गोदीत आसनस्थ झाले, विडे झाले, आणि सोनजी हात जोडून पुढे आला.

"सुभेदारसाहेब, एक अर्ज आहे. दाभोळाकडची आमची रीत अशी की, नव्या नावेत पहिलं पाऊल गोदीतल्या वडीलधाऱ्या मिस्त्रीचं पडावं. माझ्या गुराबेत आज माझ्याऐवजी थोरल्या मिस्त्रींनी बसून खडकाला वळसा घालावा, एवढी आज्ञा व्हावी."

"मान मोठा आहे, रवळोजी," सुभेदार प्रसन्न होऊन म्हणाले. "घ्यावा."

नाही म्हणावे तर कारण सांगावे लागणार. रवळोजीने मुजरा केला आणि स्वतःच फोडलेल्या नावेत जाऊन बसला.

खाडीचे मुख ओलांडताच माती विरघळली. घोट्याशी पाणी आले, मग पोटऱ्यांशी. उडी मारावी, नाव बुडू द्यावी, पोहत काठ गाठावा. सोनजी संपला असता आणि सांधीचा पुरावा तळाला गेला असता. रवळोजी उठलाही. पण तेवढ्यात लाट आडवी आली, आणि अर्धी भरलेली ती गुराब न डगमगता लाटेवर चढली, सुकाणूला नुसता हात लागताच वळली. त्याच्या अकरांपैकी एकीनेही त्याचे असे ऐकले नव्हते. म्हाताऱ्याला रडू फुटले. "माझ्या हातून का नाही घडलीस गं!" असे ओरडत त्याने डोईचे पागोटे उतरवले, सांधीत कोंबले, वर टाच रोवली आणि कासवखडकाला वळसा घातला.

काठावर जयघोष झाला. सुभेदारांनी मात्र भुवया उंचावल्या. "मिस्त्री, आमच्यासमोर बोडक्या डोक्याने?"

"पागोटं सांधीत आहे, सरकार. सांध मी फोडली. कारागिराचा दोष नाही, माझ्या पोटातल्या जळफळाटाचा आहे. ती बुडती तर लोक म्हणते, बांधणी वाईट. ते मला सोसवलं नसतं."



"सरकार," सोनजी पुढे झाला, "क्षमा व्हावी. यांच्यासारखी सांध भरणारा हात या किनाऱ्यावर नाही."

त्याने रदबदली केली, तेव्हा तर रवळोजीच्या अंगाचा अधिकच तिळपापड झाला.

सुभेदारांनी निवाडा दिला: रवळोजीने यापुढे जहाज बांधू नये, ऐंशी हातांची गुराब सोनजीने बांधावी, तिची प्रत्येक सांध रवळोजीने भरावी, आणि पहिल्या सफरीत तळाशी बसून राहावे.

ती गुराब एकोणीस वर्षे लढली. तोफांचे घाव तिने खाल्ले, पण सांधीतून कधी थेंब आत आला नाही. कोणी तिची तारीफ करू लागले की रवळोजी उठून जाई. मात्र ओहोटीला ती गोदीत कलती होऊन उभी असली की एकदा तरी येई, तिच्या पोटावर हात ठेवी आणि मनाशी म्हणे, ही माझी असायला हवी होती.