तिन्ही घरचा पाहुणा

चंद्रावरच्या अनुराधा तळाच्या नियंत्रण कक्षात चार तासांपासून पडद्यावर एकच ओळ होती : 'निकटतम तळ : निश्चिती चालू.'

केतकी नवाथे ती ओळ वाचत होती. अर्थ केव्हाच संपला होता, अक्षरं तेवढी उरली होती. तिचा धाकटा भाऊ अवधूत खडकांचे नमुने आणायला गेला होता. त्याच्या गाडीचा आस मोडला, घोटाही मोडला. श्वासपेटीत आठ तासांची हवा उरली होती.

"रोहिणी तळ काय म्हणतो?" तळप्रमुख वामनराव रेगे यांनी विचारलं.

"तेच, काका. गाडीला कुलूप. स्वातीवरही तेच."

तीन तळांत मिळून एक नियम होता : हाक आली की सर्वांत जवळच्या तळाने निघायचं. पूर्वी माणसं हुज्जत घालत, म्हणून निवाडा यंत्राकडे दिला होता. निवाडा होईपर्यंत, जे तळ जवळचे ठरू शकतात त्यांच्या गाड्या यंत्र बंद ठेवी.

केतकीने नकाशा पसरला. तीन तळ जोडून त्रिकोण काढला, कंपास घेतला आणि बाजूंचे लंबदुभाजक काढू लागली.

"हे कशाला?"

"लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू त्या बाजूच्या दोन्ही टोकांपासून सारखाच दूर असतो. तिन्ही रेषा जिथे भेटतात, तिथून तिन्ही तळ सारखे."

"मग त्रिकोणाच्या पोटातच असेल की तो."

"आपला कोन विशाल आहे, काका. परिकेंद्र बाहेर पडतं." तिने पेन्सिल टेकवली. टोक रोहिणी-स्वाती बाजूच्या पलीकडे गेलं होतं. "अवधूत इथे आहे. प्रत्येक तळापासून एकशे चाळीस किलोमीटर. गाडीला सात तास. अख्ख्या पठारावर असा ठिपका एकच, आणि आस तिथेच मोडला."

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या गावचे बुवा कीर्तनात सांगायचे, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. ह्यानं तर तीन घरं गाठली."

केतकीला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. तिने संदेश टंकला : 'अवधूत, आमच्याकडे सरक. शंभर मीटर पुरे.' यंत्राला तीस मीटरांचा फरक कळत असे.

उत्तर आलं : 'ताई, तुमच्या बाजूला कडा आहे. उलट्या बाजूला सरळ घळ आहे, बसून घसरता येईल.'

"उलट्या बाजूला गेला तर आपण सर्वांत लांब पडू," वामनराव म्हणाले. "पण त्या दोघांतला एक तरी जवळचा ठरेल ना?"

केतकीने पट्टी ठेवली. घळ थेट रोहिणी-स्वातीच्या लंबदुभाजकावरून जात होती. तिथे कितीही घसरला तरी ते दोन्ही तळ सारखेच राहणार होते. हे तिला कळलं, आणि तरी तिने टंकलं : 'घसर.'

चाळीस मिनिटं दोघं शेजारी बसून होती. धडपडीत पन्नास मिनिटांची हवा गेली. सात तास आणि दहा मिनिटं उरली.

पडद्यावरची ओळ हलली : 'रोहिणी, स्वाती : समान अंतर. निश्चिती चालू.'

"संपलं," वामनराव हळूच म्हणाले.

"खालची ओळ वाचा, काका."

'अनुराधा : सर्वांत दूर. निवाड्यातून वगळले. गाडी मोकळी. इतर कामांस वापरावी.'

वामनराव ती ओळ ओठ हलवत दोनदा वाचून गेले. मग दोन जादा श्वासपेट्या त्यांनी गाडीत चढवल्या.

गाडीच्या दाराशी यंत्राने नेहमीचा प्रश्न विचारला : 'कामाचे स्वरूप?'

केतकी पुढे झाली. तिने एकेक अक्षर शोधून टंकलं : 'भाऊबीज.'

यंत्राला त्यात हरकत घेण्याजोगं काही सापडलं नाही. दार उघडलं.