उरलेलं कोणीतरी वाचा

हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणारी एक बाई होती. तिला वाचायचं वेड होतं आणि जागं राहायची ताकद नव्हती. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की काय होतं, ते सांगतो. सरकून बसा, दिवा राहू दे.

अंधार असतानाच ती कामाला जायची आणि दुपारी परतायची, अंगाला वाफेचा न् साबणाचा वास घेऊन. नवरा लांबच्या ट्रकवर ड्रायव्हर, अधूनमधून उगवायचा. घरात सासूबाई आणि दुसरीतली मुलगी. जेवण उरकलं की ती पडदा ओढून आडवी व्हायची, पुस्तक उघडायची, आणि पान उलटायच्या आधी पुस्तक नाकावर पडायचं.

एकदा लायब्ररीवाले काका म्हणाले की ताई, हे पुस्तक तुम्ही तिसऱ्यांदा नेताय. तिला पत्ताच नव्हता. काकांनीच सुचवलं, एक वही करा, जे वाचाल त्यावर दोन ओळी लिहा, म्हणजे डोक्यात राहील. तिने वही केली. बाई प्रामाणिक होती. त्यामुळे प्रत्येक नोंदीचा शेवट सारखाच असायचा: ‘इथे झोप लागली.’

मग एक दिवस लाँड्रीतलं मोठं मशीन बंद पडलं आणि सगळ्या वॉर्डांच्या चादरी हाताने पिळाव्या लागल्या. त्या दुपारी पुस्तक उघडून ती नुसती बघत राहिली. अक्षरं मुंग्यांसारखी आपापल्या कामाला निघून गेली. तिने वहीत लिहिलं, ‘माझ्याने होत नाही. उरलेलं कोणीतरी वाचा.’ आणि झोपली.

जाग आली तेव्हा खाली दोन ओळी होत्या. ‘वाचलं. नायक मूर्ख आहे, पण शेवटी त्याला कळतं.’

अक्षर तिचंच होतं. फक्त नीटनेटकं. ती दमलेली नसताना काढायची तसं. वहीची पुढची दोन पानं चहा सांडून एकमेकांना चिकटली होती. आपणच सांडला असणार, तिला वाटलं. हल्ली मेलं काही लक्षातच राहत नाही.

घाबरली का? छे. तिला हायसं वाटलं. लाँड्रीत कोणी तिच्या वाटणीची चादर घडी करून दिली तर ती घाबरायची थोडीच. झोपेत का होईना, आपणच वाचतोय, वाईट काय? ती रोज उशाशी पुस्तक ठेवून झोपू लागली. वही भरत गेली. काका कौतुकाने म्हणाले की ताई, तुम्ही तर सुटलात अगदी.

मग रंगकामासाठी लायब्ररी बंद झाली.

पहिल्या दुपारनंतर वहीत नोंद होती: ‘कुकरची माहितीपुस्तिका. सगळे धोके सुरुवातीलाच सांगून रहस्य घालवलं आहे.’ दुसऱ्या दिवशी: ‘सासूबाईंच्या गोळ्यांसोबतचा कागद. दुष्परिणामांचा भाग उत्तम. आणखी हवा होता.’ ती हसली. लाँड्रीतल्या बायकांनाही सांगितलं, त्याही हसल्या. नंतर शाळेचं वेळापत्रक झालं, कॅलेंडरची मागची बाजू झाली, साबणाचं वेष्टन झालं. मग एका दुपारची नोंद होती:

‘घरात छापलेलं काही उरलं नाही. सासूबाई सुरू केल्या.’

आता सासूबाईंचं असं होतं की त्या दिवसभर बोलायच्या. तरुणपणी सर्कशीतल्या हत्तीने त्यांची छत्री पळवली होती, ही गोष्ट त्या घरात भिंतींनासुद्धा पाठ होती. ‘चालू आहे’, ‘चालू आहे’, अशा नोंदी येत राहिल्या आणि सासूबाई दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. मग आली नोंद: ‘सासूबाई संपल्या. छत्रीचा प्रसंग दोनदा वाचला.’

ती धडपडत बाहेरच्या खोलीत गेली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. जिवंत, ठणठणीत. हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. कपाटातलं सामान काढून घेतल्यावर कपाट दिसतं, तशा.

“आई… ती छत्री हत्तीने कशी नेली होती हो?”

“कुठला हत्ती?”

“सर्कशीतला. तुम्ही रोज सांगता ना…”

सासूबाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. “सगळं सांगून झालं गं. आता माझ्याकडे काही नाही.”

“कोणाला सांगितलं?”

“तुलाच की. रोज दुपारी जवळ बसून विचारून घेतेस. डोळे मिटून. दमलेली असतेस, म्हणून मी काही बोलले नाही.”

ती परत आली, वही उघडली. पान संपत आलं होतं आणि तळाशी, तिने आधी न पाहिलेली ओळ होती.

‘पुढची: मुलगी. बारीक आहे. लवकर होईल.’

तिला पहिल्यांदा वाटलं, वही फाडावी. पण वही फाडून वाचणारी थोडीच फाटणार होती? उलट काय चाललंय ते कळायचंही बंद झालं असतं. जागं राहावं म्हटलं, तर एक दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी उभ्या उभ्या डुलकी लागून इस्त्रीने चादरीला भोक पाडलं, आणि नंतरच्या दोन-तीन दुपारी घरी येताच झोपेने तिला गाठलंच. मुलीला पाठवावं असं दुसरं घर नव्हतं. शेवटी तिने एक हिशेब केला, कोणतीही आई करेल तसला. मुलीच्या ओळीच्या वर, जागा नव्हती तिथे बारीक अक्षरात लिहिलं, ‘आधी मला वाच.’ आणि खोलीचं दार आतून लावून झोपली.

जाग आली. वहीत उत्तर होतं.

‘ही वाचलेली आहे.’

तिने मागची पानं पुन्हा पुन्हा चाळली. सासूबाई, साबण, कॅलेंडर, कुकर, कादंबऱ्या. ती कुठेच नव्हती. मग बोट त्या चिकटलेल्या पानांवर अडलं. चिकटलेलं कसं सोडवायचं हे तिच्याइतकं कोणाला माहीत. तिने ओला रुमाल ठेवला, वरून इस्त्री फिरवली, वाफ निघाली, पानं सुटली. जुन्या चहाचा वास आला.

‘घरातली बाई. जाड वाटते, पण आत अक्षरांचा टाइप मोठा आहे. लहानपण बरं जमलंय. पुढे तेच तेच. संपली.’

मग हळूच, जिभेने दुखरा दात चाचपावा तसं, तिने आठवायचा प्रयत्न केला. आपल्या आईचा आवाज. शाळेची वाट. लग्नाआधी आपण कुठे राहायचो. कुठेही हात घातला तरी तळच लागत होता. आणि इतके दिवस आपण दमलोय असं ती समजत होती.

दारावर थाप पडली. तिने कडी काढली. मुलीने दप्तर टाकलं, बूट भिरकावले आणि सवयीने सरळ तिच्या अंथरुणाशी जाऊन मांडी घातली. तिने विचारलं, “इथे का बसलीस गं?”

“मग कुठे बसू?” मुलगी म्हणाली. तिने उशी थोपटून सरळ केली. “तू झोप ना लवकर. काल आपण कुठपर्यंत आलो होतो?”