चपटी न दिसलेली बाई

खोटं सांगून मला काय मिळणार? गेल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी, ठाकूरद्वारच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, भरदुपारी घडलंय हे.

मी माणसांच्या चेहऱ्यांच्या रांगोळ्या काढतो. लोक दाराशी उभे राहून बघतात, म्हणून जमिनीवरचा चेहरा मुद्दाम उभा ताणून काढावा लागतो. तरच तो दारातून नीट दिसतो.

दिवसभर असा लांबट चेहरा बघितला की मेंदूला त्याचीच सवय होते. मग रांगोळीवरून उठल्यावर थोडा वेळ खरी माणसं चपटी दिसतात. थापलेल्या भाकरीसारखी. आमच्या धंद्यात सगळ्यांनाच होतं हे.

त्या दुपारी उठलो. समोर बायको डबा घेऊन उभी.

"अपूर्वा, भाकरी झालीयस बघ!"

"गप रे. जेव आधी."

वॉचमन सीतारामकाकाही चपटे. मला हसू आवरेना.

मग आमची पाच वर्षांची मनवा दिसली. तीही चपटी, गोड. खिडकीपाशी एका बाईचं बोट धरून उभी होती.

त्या बाईचा चेहरा मात्र... अगदी नीट होता.

असेल कुणाची तरी आई, म्हणत मी डबा उघडला. घास तोंडाशी नेला आणि हात थांबला...

सगळे चपटे दिसतायत. मग ही नीट कशी?

म्हणजे हिचा चेहरा मुळातच...

हळूहळू नजर ताळ्यावर येऊ लागली. अपूर्वाचं नाक जागेवर आलं. काकांची हनुवटी सरळ झाली.

आणि बाईचा चेहरा लांबायला लागला.

हनुवटी गळ्याखाली... मग छातीपर्यंत...

ती मनवाच्या तोंडाशी वाकली.

रांगोळी तुडवत धावलो आणि पोरीला उचललं.

खिडकीपाशी कुणीच नव्हतं.

"खंयची बाई रे?" काका म्हणाले. "पोर एकटीच तर उभी होती."

भीती वाटते म्हणून काम सोडता येत नाही. रांगोळीवरच घर चालतं. पण तेव्हापासून उठलो की आधी मनवाकडे बघतो. ती चपटी दिसली की जीव भांड्यात पडतो.

काल परळला काम होतं. संध्याकाळी उठलो. अपूर्वा चपटी.

मनवा... अगदी नीट.

नजर ताळ्यावर यायच्या आत मी डोळे गच्च मिटले.

"बाबा, बघ ना माझ्याकडे," ती हात ओढत म्हणाली.

मी अजून पाहिलेलं नाही.