आठशे किलोंची टाकी

ज्या वस्तूला वजनच नाही, ती थांबवायला इतकी जड कशी?

अवकाशस्थानकात आल्यापासून दोन दिवस चारुता क्षणभरही स्वस्थ बसली नव्हती. आज पाण्याची आठशे किलोंची टाकी कोठाराच्या पलीकडच्या टोकाला न्यायची होती. स्थानकाचा रिवाज असा, की पलीकडून कुणी ‘झेलतो’ म्हटल्याशिवाय काहीही ढकलायचं नाही. झेलणारी सुनंदाआत्या मात्र पट्टा आणायला गेली ती गेलीच.

इथे सगळंच तरंगतं, मग झेलायचं काय डोंबल? चारुताने कठड्यात पाय अडकवले आणि टाकी रेटली. ती आधी हलेचना, मग मुंगीच्या पावलांनी निघाली. आठ मोजेपर्यंत चारुता रेटत राहिली. आता टाकी सेकंदाला वीतभर सरकत होती, आणि सरकत होती ती थेट काचेच्या कपाटाकडे. त्यात आत्याने तीन महिने जपलेली नाचणी होती. कालच तिला पहिलं कणीस आलं होतं.

चारुताने टाकीची मूठ धरून मागे ओढलं, तर पाय कठड्यातून सुटले आणि तीच टाकीबरोबर निघाली. टाकी आणि काच यांच्यामध्ये ती शिरणार, तोच आत्या दारात आली.

“मध्ये जाऊ नकोस, चिरडशील.” आत्याने टाकीच्या मुठीत पट्टा अडकवला.

“पण हिला वजन नाही ना?”

“वजन जाणवत नाही. पण आतलं पाणी कुठे कमी झालंय? वस्तुमान (वस्तूत किती द्रव्य आहे ते) आठशे किलोच आहे. म्हणून जडत्वही (आहे त्याच गतीत राहण्याचा हट्ट) तेवढंच.”

“पट्टा भिंतीच्या कडीला बांधू?”

“एका झटक्यात थांबवायला गेलो तर कडीच उपटून येईल. किती वेळ ढकललंस?”

“आठ मोजेपर्यंत.”

“मग पट्टा धर आणि तेवढ्याच जोराने तेवढाच वेळ मागे ओढ. पाय अडकव आधी.”

काच दोन हातांवर होती. एक, दोन, तीन. टाकी सरकतच होती. चारुताला हिसका द्यावासा वाटत होता, पण तिने दात आवळून जोर तेवढाच ठेवला. सहा. सात. आठाला टाकी थांबली, काचेपासून चार बोटांवर.

चारुताला रडू फुटलं. इथे अश्रू ओघळत नाहीत. डोळ्यावरच साचलेला थेंब आत्याने बाहीने टिपला.

नाक पुसत चारुता म्हणाली, “आत्या, मंगळावर माणसं पहिल्यांदा जातील, तेव्हा त्यांच्या यानाचा पट्टा धरायला तिथे कुणी नसेल.”

“नसेलच. मग काय करतील?”

“स्वतःच थांबतील. आणि पोचण्याच्या कितीतरी आधी थांबायला लागतील.”

आत्या हसली. “बरोबर. चल, आता टाकी मी ढकलते. तू थांबव.”

चारुताने पलीकडे जाऊन कठड्यात पाय अडकवले, ‘झेलते’ म्हटलं आणि आत्या किती मोजते, ते कान देऊन ऐकू लागली.